निंबाची रखवाली

चंपतरावांच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या ही बातमी हुडकेश्वरात एका दुपारी पसरली, आणि दुसऱ्या सकाळपासून लोक भेटायला येऊ लागले. माणूसही तसाच होता. संत्र्याची बाग होती, पण बागेपेक्षा ओसरीवर जास्त बसणारा. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारणार आणि चहा पाजल्याशिवाय पुढे सोडणार नाही. अशा माणसाच्या दुखण्यात घर रिकामं राहिलं असतं, तर गावालाच कमीपणा आला असता.

भेटायला येण्याचीही एक रीत होती. हाक न मारता सरळ आत यायचं. खुर्ची दिली तरी खाटेच्या काठावरच बसायचं. आजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, 'काय झालं गा हे' म्हणून थोडं गप्प राहायचं. मग सोबत आणलेलं संत्रं आपल्या हातानं सोलायचं आणि एकेक फोड त्याच्या तोंडात घालायची. चंपतरावांच्या मागच्या अंगणात संत्र्यांचा ढीग असे, तरी लोक बाजारातून विकत घेऊन येत. ज्याला भेटायचं त्याच्याच बागेतलं संत्रं त्याला कसं भरवणार?

पहिलं औषध सलाइनमधून गेलं, आणि दुसऱ्या आठवड्यात चंपतरावांना सणकून ताप भरला. तोंड आतून सोललं. पाण्याचा घोटही गिळवेना. त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथून ते परत येतील असं काही दिवस कोणालाच वाटलं नाही. ते आले. पण अंगावरचा सदरा दुसऱ्या कोणाचा असावा असे दिसत होते.

त्यांची सून प्रेमिला बी.एस्सी. झालेली होती, विषय प्राणिशास्त्र. नवरा रविंद्र अकोल्याला वीज मंडळात. रविवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे हॉस्पिटलचं सगळं तिच्याकडेच आलं होतं. डॉक्टर बोकारे तिला बाजूला घेऊन म्हणाले, "रक्त पाहिलं. पांढऱ्या पेशी आठशेवर आल्या होत्या. चार हजारांच्या खाली मी एरवी औषधच देत नाही."

प्रेमिलानं त्या पेशी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या, स्वतःच्याच बोटाच्या रक्तात. तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी जांभळ्या केंद्रकाची, जत्रेतल्या पोलिसासारखी. रोगजंतू आत शिरला की धावून जाणाऱ्या त्या याच.

"त्या वाढवायचं औषध नाही?" तिनं विचारलं.

"आज तरी नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका."

"मग डोस कमी दिला तर?"

"पेशी वाचतील. गाठीही वाचतील." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हे बघा, औषध दिलं की पेशी पडणार. दुसऱ्या आठवड्यात तळाला जाणार, मग आपोआप चढणार. पडणं आपल्याला टाळता येत नाही. पडलेल्या असताना ताप येणं टाळता येतं. आता दुसरा डोस देतोय. या वेळी ताप आला, तर तिसरा लांबेल. पहिल्या वेळी लांबला, निभावलं. पुन्हा लांबला तर गाठी आपली वाट बघत थांबणार नाहीत."

"मी काय करू?"

"पाणी उकळून, अन्न शिजवून, हात धुऊन. आणि माणसं दूर ठेवा. सगळ्यात अवघड हेच आहे."

डॉक्टर हुडकेश्वरला कधी आले नव्हते, पण त्यांना गावाची नाडी बरोबर सापडली होती.

दुसऱ्या डोसानंतर प्रेमिलानं दारावर पाटी लावली. 'आजाऱ्यास विश्रांतीची गरज आहे. कृपया भेटू नये.' अक्षर सुरेख होतं. लोक थांबले, पाटी वाचली, चांगलं लिहिलंय म्हणाले आणि चपला काढून आत आले. चंपतरावांचे लहानपणचे दोस्त धोंडबा तर पाटी मोठ्यानं वाचूनच आत शिरले.

"धोंडबाकाका, भेटू नये लिहिलंय ना."

"ते बाहेरच्यायसाठी हाय, सूनबाई. आपन तं घरचे."

हुडकेश्वरात चंपतरावांच्या बाहेरचा माणूस शोधून सापडला नसता.

मग तिनं समजावून पाहिलं. चंपतरावांची थोरली बहीण प्रयागबाई पाचगावहून बैलगाडीनं आली होती आणि भावाच्या खोलीशेजारीच अंथरूण घालण्याच्या बेतात होती. प्रेमिला म्हणाली, "आत्याबाई, आपल्या सगळ्यांच्या हातावर, श्वासात जंतू असतात. मामाजींना ते सध्या सोसणार नाहीत."

प्रयागबाईनं आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"या हातानं त्याले न्हाऊ घातलं, खाऊ घातलं. तवा नाई किडे निघाले. आता तुह्या बीएशीनं निघाले का वं?"

खाटेवरून चंपतराव हसले. "बाई, ते पोरगी मले कोंडून ठेवून राहिली. खिडकीतून तरी बोलत जा माह्याशी." त्यांना माणसांवाचून करमत नव्हतं, हीच तर मुख्य अडचण होती.

प्रयागबाई रागानं त्याच गाडीत बसून पाचगावला परत गेली. जाताना बजावून गेली की आठ दिवसांत पुन्हा येईन आणि तेव्हा कोण अडवते ते बघीन.

दुसरा आठवडा तोंडावर आला होता. प्रेमिला ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती आणि समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होती. शहात्तर सालचा तो फाल्गुन. निंबाला कोवळी तांबूस पालवी फुटलेली. पाहता पाहता तिला मागचा चैत्र आठवला. गल्लीच्या टोकाच्या घरात पोराला कांजिण्या आल्या होत्या. लोक म्हणाले, माता आली. दाराला निंबाच्या डहाळ्या लागल्या, आणि त्या दिवसापासून त्या घरात कोणी पाऊल ठेवलं नाही. घरात फोडणी नाही, पायात चप्पल नाही, आजाऱ्याजवळ एकच माणूस, तेही हातपाय धुऊन. पाटी नाही, समजावणं नाही. आणि कोणाला रागही आला नाही. उलट जाणारा येणारा दारासमोर थांबून हात जोडायचा.

ती उठली आणि चुलीपाशी सासूजवळ जाऊन बसली. रुखमाबाई कमी बोलणारी बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे, माता नाई तरी निंब बांधायचा?"

"हो, आई."

"देवीशी खोटं बोलायचं?"

रुखमाबाईनं भाकर उलटली, फुगू दिली, उतरवली. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "खोटं काहून? बोलवून घेऊ तिले. आपल्या दाराशी बस म्हनू, घरच्या मानसाले राख म्हनू. येनार नाई का? पोरायच्या अंगात येते, तं मानसाच्या दारात बसाले काय जाते तिचं?"

तिनं आंघोळ केली, उंबऱ्याजवळ तांब्याचा कलश मांडला, त्यात निंबाचा तुरा खोचला आणि हळदकुंकू वाहिलं. प्रेमिलानं डहाळ्या बांधल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की चंपतरावाच्या घरी माता आली.

त्यानंतर घर असं शांत झालं की घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. धोंडबा दारासमोर आले, डहाळ्या पाहिल्या, हात जोडले आणि मागच्या पावली गेले.

प्रेमिलाला मात्र एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. आता घरात डॉक्टरांपेक्षा कडक माणूस तयार झालं होतं. ती घाईत औषधाची गोळी घेऊन खोलीत निघाली, तर मागून आवाज आला, "हात?"

"आत्ताच धुतले, आई."

"मंग दाराची कडी कोनं लावली? पुन्हा धू."

प्रेमिलानं पुन्हा हात धुतले. साबण हा तिचा आग्रह, निंबाचं पाणी हा रुखमाबाईचा, दोन्ही झाले. फक्त जेवणावरून एकदा खटका उडाला. मातेच्या घरात थंड जेवण चालतं, म्हणून रुखमाबाईनं सकाळचा भात झाकून ठेवला होता. प्रेमिला म्हणाली, ताजा करून थंड होऊ देऊ. रुखमाबाईनं विचार केला आणि म्हणाली, चालते, देवीले शिळंच पायजे असं काई नाई.

चंपतराव बिनफोडणीचं वरण खाऊन कंटाळले. "औषधानं नाई मेलो, तं या वरनानं मरीन," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. पण ताप नव्हता. प्रेमिला काखेतला थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरून पाहायची आणि काही न बोलता झटकायची. तिचं न बोलणं ऐकून रुखमाबाईला बरं वाटायचं.

असे थोडे दिवस गेले, आणि एका सकाळी दारात जीप येऊन उभी राहिली.

जीपमधून खाकी पँटमधला एक मध्यम वयाचा माणूस उतरला. खांद्याला पिशवी, हातात एक चित्राचं कार्ड. कार्डावर अंगभर फोड आलेल्या मुलाचा फोटो होता. त्याच्यामागून, लग्नातल्या वरबापासारखे छाती काढून, धोंडबा उतरले.

"मी श्रीधर निकोसे, आरोग्य खात्याकडून," तो माणूस म्हणाला. "इथे देवीचा संशयित रोगी आहे अशी खबर आहे."

प्रेमिलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. देशातला देवीचा रोग गेला असं सरकारला जाहीर करायचं होतं, आणि त्याआधी एखादा रोगी कुठे लपून राहिला नाही ना, हे पाहायला माणसं गावोगाव हिंडत होती. शाळेच्या भिंतीवर तसं रंगवलेलंही होतं, देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस मिळवा. ती रोज त्या भिंतीसमोरून जायची.

"काका, तुम्ही सांगितलंत?"

"मंग? म्या म्हनलं, बक्षीस भेटलं तं चंपतच्याच औषधाले लावू," धोंडबा म्हणाले. त्यात लबाडीचा लवलेश नव्हता.

जीप पाहून गल्ली जमा झाली. बायका ओट्यांवर, माणसं रस्त्यात. निकोसेंनी पिशवीतून लशीची डबी आणि दोन टोकांची सुई काढली. "आधी रोगी पाहतो. मग घरातल्या सगळ्यांना टोचतो."

प्रेमिला दार अडवून उभी राहिली. त्या लशीत काय असतं ते तिला ठाऊक होतं. लशीतला विषाणू जिवंत असतो. धडधाकट माणसाच्या दंडावर त्याचा एक फोड येतो, खपली धरतो आणि वण ठेवून जातो. मामाजींच्या अंगात त्या फोडाला थांबवायला आज कोणी नव्हतं. तो दंडावर थांबलाच नसता. खरं सांगितलं नाही तर सुई आत जाणार. आणि खरं सांगितलं, तर ही सगळी गल्ली संत्री घेऊन आत येणार, आजच, पेशी तळाला असताना.

"साहेब, दोन मिनिटं इकडे," ती म्हणाली, आणि त्यांना कलशापलीकडे, ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं, गाठी, औषध, आठशे पेशी, पाटी आणि निंब. ऐकून निकोसेंनी डबी पिशवीत ठेवली.

"टोचत नाही. पण मला रोगी पाहावाच लागेल. न पाहता देवी नाही असं मी लिहू शकत नाही."

"खिडकीतून चालेल?"

"उजेड असला तर चालेल."

चंपतरावांना चार दिवसांनी माणूस दिसला होता. त्यांनी खिडकीशी येऊन आधी तोंड दाखवलं, मग तळहात, मग सदरा वर करून पोट, मग गजांना धरून एकेक तळपाय. निकोसे कार्ड बाजूला धरून नीट पाहत होते.

"साफ आहे," ते हळूच म्हणाले.

"चहा घेता का साहेब?" चंपतरावांनी विचारलं. "फोडनी बंद हाय, चहा नाई."

निकोसे हसू दाबत वळले. प्रेमिलाकडे पाहून पुटपुटले, "आम्ही वर्षानुवर्षं गावोगाव सांगतोय, आजाऱ्याच्या घरात शिरू नका. कोणी ऐकत नाही. निंबाचं ऐकतात." मग ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आवाज सरकारी झाला.

"रोगी पाहिला. माझा रिपोर्ट सोमवारी जाईल. तोपर्यंत नियम असा, की या घरात जो पाऊल टाकेल त्याला टोचावं लागेल. आत्ता कोणाला यायचंय?" आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

सुई बाहेर येण्याआधीच निम्मी गल्ली घरी गेली होती. धोंडबांना बागेतलं कसलंसं काम आठवलं. उरलेले ओट्यांवरून पाहत राहिले, पाय आत ओढून.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी थांबली. प्रयागबाई उतरली. मागच्या वेळेचा राग आणि संत्र्यांची टोपली दोन्ही तिच्यासोबत होती. तिनं जीप पाहिली, डहाळ्या पाहिल्या, निकोसेंचा नियम ऐकला, आणि चोळीची बाही वर सारून दंड पुढे केला.

"टोच बाप्पा. माहा भाऊ पडला हाय आत. सुई नाई, भाला घुपसला तरी मी भेटल्याबिगर जात नाई."

निकोसेंनी प्रेमिलाकडे पाहिलं. सुईनं घाबरणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे इलाज होता, न घाबरणाऱ्यांसाठी नव्हता. आणि टोचून घेतलेला दंड, त्यावरच्या जिवंत विषाणूसकट, भावाजवळ जाऊन बसला असता, तर ते सगळ्यात वाईट झालं असतं.

प्रेमिलानं प्रयागबाईचा दंड दोन्ही हातांनी धरून खाली केला आणि ओट्यांवर ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलू लागली. आता निंबाची ढाल उपयोगाची नव्हती.

"आत्याबाई, माता आलेली नाही. निंब मी बांधलाय."

"काय म्हनली?"

"तुमच्या हातात किडे आहेत असं मी म्हणायला नको होतं. तुमच्या हातात काही वाईट नाही. बागेत शिरलेली गाय वाईट असते का? पण रखवालदार नसला तर ती बाग खाऊन जाते. या औषधानं मामाजींच्या गाठी मरतात, आणि त्यांच्याबरोबर अंगातले रखवालदारही मरतात. नवे यायला थोडे दिवस लागतात. तोवर बाग उघडी आहे. मागच्या वेळी उघडी होती, तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंय."

प्रयागबाईनं पाहिलं होतं. हॉस्पिटलात भावाच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडताना ते ओठावरून परत आलं होतं, ते तिच्याच पदरानं टिपलं होतं.

"मंग हे आधी नाई सांगता आलं? देवीले कामाले लावलं."

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं," प्रयागबाईनं कबूल केलं. बाही खाली ओढली. "रखवालदार पायजे ना तुले? हे बसले मी."

आणि ती खिडकीबाहेर, हातभर अंतर सोडून, ओट्यावर बसली. निकोसेंना तिनं गाडीतलं संत्रं दिलं. नियमात बसतं की नाही याचा त्यांनी विचार केला नाही, ते घेऊन गेले.

त्यापुढचे दिवस चंपतरावांना सोपे गेले. आत रुखमाबाई, बाहेर प्रयागबाई. बहीण संत्रं सोलायची, स्वतः खायची आणि भावाला सांगायची, हे गोड निघालं, हे आंबट हाय, तुह्या बागेतल्यापेक्षा बरं हाय. चंपतराव खिडकीतून शिव्या द्यायचे. लहानपणी विहिरीत कोणी कोणाला ढकललं, यावर दोघांची रोज नव्यानं भांडणं होत. कोणी गल्लीतून जरा जवळ आला, की प्रयागबाई विचारायची, "टोचाचं हाय का?"

रक्त तपासायचा दिवस आला. प्रेमिला डॉक्टर बोकाऱ्यांसमोर बसली होती आणि ते कागद वाचत होते.

"मधे ताप?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"पेशी पडल्या होत्याच. गेल्या आठवड्याचा आकडा काही चांगला नव्हता." त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. "आज साडेचार हजार. उद्या तिसरा डोस देऊ, ठरल्याप्रमाणे. माणसं कशी काय अडवलीत?"

"दार लावून," प्रेमिला म्हणाली. पुढचं सांगायला बसली असती तर बाहेर थांबलेल्या रोग्यांचे हाल झाले असते.

घरी आल्यावर रुखमाबाईनं कलशापुढे नारळ फोडला, देवीची ओटी भरली आणि वाळलेल्या डहाळ्या उतरवून विहिरीच्या पाण्यानं उंबरा धुतला. डोसानंतरचे पहिले काही दिवस भेटायला हरकत नव्हती, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. चंपतरावांनी ते गावभर कळवलं. लोक आले. दारात प्रयागबाई बादली आणि साबण घेऊन बसली होती. ज्यानं हात दाखवले नाहीत त्याला आत सोडलं नाही, आणि संत्री सगळी ओसरीवर उतरवून घेतली. ती कोणाला काय सांगत होती ते प्रेमिलाला आतून ऐकू येत नव्हतं. फक्त 'बाग' आणि 'रखवालदार' हे शब्द मधून मधून येत होते.

आठवड्याच्या शेवटी प्रेमिला कोयता घेऊन समोरच्या निंबाखाली गेली. खालच्या फांद्या मागच्या खेपेला संपल्या होत्या. ती वर पाहू लागली, तर वरून पानं हलली आणि एक डहाळी तिच्या पायाशी पडली. झाडावर धोंडबा होते.

"सूनबाई," ते वरून म्हणाले, "दाराले दोनच लागतात, का खिडकीलेही बांधतं?"

"खिडकीलाही बांधू, काका."

"मंग बाजूला सर जराशी," धोंडबा म्हणाले, आणि जाडशी फांदी वाकवली.